अकरा किलोमीटर बर्फ

ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी बंगळुरात कशाला हवी, असं मी यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पहिल्याच दिवशी विचारलं होतं. राजाजीनगरातली आमची गल्ली अशी, की समोरून पाण्याचा टँकर आला तर दोघांतल्या एकाने मुकाट्याने मागे जायचं. चढ नाही, चिखल नाही, बर्फाचा तर प्रश्नच नाही.

"एकदा बर्फात नेऊ की," हे म्हणाले.

मी हसले आणि विषय सोडून दिला. हे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे इंजिनियर. यंत्र आवडलं की त्याचं कारण मागून सापडतं, असा यांचा स्वभाव मला बावीस वर्षांत ठाऊक झाला होता. गाडीत काय नव्हतं? चारही बाजूंना कॅमेरे, डावीकडून कोणी जवळ आलं की आरशात लागणारा दिवा, रस्त्यावरचा आपला पट्टा सोडला की थरथरणारं स्टिअरिंग. आपल्या रस्त्यांवर, जिथे स्कूटरवाले दोन्हीकडून अंग घासून जातात, तिथे ते सगळं सारखं टिवटिवत राहायचं. बाकीचे लोक वैतागून बंद करून टाकतात. यांनी एकही सूचना बंद केली नाही. जे. पी. नगरात राहणारे माझे वडील एकदा आमच्याबरोबर बसले होते. उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावई किती जपून चालवतात गं. नाहीतर तुझा अण्णा बघ." अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ.

मलाही तेच वाटायचं. पण काही गोष्टी मी पाहिल्या होत्या आणि पाहून सोडून दिल्या होत्या, हे आता कबूल करायला हवं. नवी गाडी येण्याआधी जुन्या गाडीची डावी बाजू तळघरातल्या खांबाला दोनदा घासली होती. घरात यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा. जेवताना मी डावीकडे ठेवलेली कोशिंबीर तशीच राहायची आणि मी म्हणायची, "आवडली नाही का?" हे म्हणायचे, "अगं, राहिलीच." एक्कावन्नाव्या वर्षी माणूस थोडा वेंधळा होतो, असं मी धरून चालले. विज्ञान शिकवणारी बाई मी. वर्गात मुलींना सांगते, निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर. घरात मात्र मी निष्कर्ष काढून मोकळी झाले होते.

त्या डिसेंबरात माझ्या शाळेला नाताळची सुट्टी लागली, लेकीच्या कॉलेजलाही. ती एकोणीस वर्षांची, नुकतंच लायसन्स मिळालेलं. हे म्हणाले, "चला, हिमाचलला गाडीनेच जाऊ." चार दिवसांचा प्रवास. हमरस्त्यावर हे उत्तम चालवत होते, सरळ, एका वेगाने. अधूनमधून लेक चालवी. मी एकदाच तासभर घेतली, तेही लेकीने चिडवलं म्हणून. एरवी माझं चालवणं म्हणजे जुन्या छोट्या गाडीतून घर ते शाळा.

आम्ही उतरलो ते गाव मुख्य रस्त्यापासून अकरा किलोमीटर वर होतं. तिथे एका कुटुंबाने घराच्या वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढलेल्या. पहिले दोन दिवस ऊन होतं, सावलीच्या कडेला थोडा जुना, मळका बर्फ होता. लेकीने त्यात हात घातला आणि फोटो काढले. तिसऱ्या दिवशी दुपारपासून खरा बर्फ पडायला लागला. सकाळी उठलो तेव्हा गाडी म्हणजे पांढरं गाठोडं झालं होतं. अंगणात पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत आत गेला. आवाज कुठलाच नव्हता. राजाजीनगरात जन्म गेलेल्या माणसाला इतकी शांतता सोसत नाही. मला उगीचच कोणीतरी मोठ्याने बोलावंसं वाटत होतं.

घरमालक म्हणाले, "आज मत निकलो साहब. कल मशीन आएगी, रास्ता खोलेगी."

"हमारी गाडी के चारों पहिये खींचते हैं," हे म्हणाले.

"खींचते हैं, ठीक है. रोकते थोड़े ही हैं." त्यांनी उताराकडे हात केला.

इथे मी थांबवू शकले असते. पण लेकीची प्रॅक्टिकलची परीक्षा होती, त्या दिवशी निघालो तर जेमतेम पोचलो असतो. मीच म्हणाले, "हळूहळू जाऊ. सगळे जातातच ना." हे वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं असेल. लेकीच्या जिवाची गोष्ट होती आणि मी परीक्षेचं वेळापत्रक बघत होते.

दहाच्या सुमारास निघालो. यांनी सगळी तयारी नीट केली होती, हे खरं. रात्री हँडब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये ठेवली होती, कारण हँडब्रेक गोठतो. धुराच्या नळीभोवतीचा बर्फ हाताने काढला. टायरमधली हवा थोडी कमी केली. मालकांनी बळेबळे एक फावडं दिलं, "नीचे चायवाले के पास छोड़ देना," म्हणाले. मग पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला जवळजवळ पाय न लावता, आम्ही उतरायला लागलो. बर्फ बंपरपुढे नांगरल्यासारखा दोन्हीकडे पडत होता. खालून घर्र घर्र घासल्याचा आवाज यायचा, गाडी क्षणभर तरंगल्यासारखी व्हायची आणि मग चारही चाकं एकेक करून पकड घ्यायची, ते बसल्या जागी जाणवायचं. लेक मागून म्हणाली, "अप्पा, भारी!"

दुसऱ्या वळणानंतर समोरच्या पडद्यावर पिवळा त्रिकोण उमटला. कॅमेऱ्यांवर बर्फ साचला होता. कॅमेरे बंद, डावीकडचा दिवा बंद, सगळ्या सूचना बंद. गाडी एकदम मुकी झाली. मी बरं झालं म्हणणार होते, तेवढ्यात माझी नजर यांच्या हातांवर गेली. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मान सारखी डावीकडे वळवून हे बघत होते, पुन्हा समोर, पुन्हा डावीकडे.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. काच पूस जरा तुझ्या बाजूची."

दरी डावीकडे होती, म्हणजे माझ्या बाजूला. पुढच्या वळणावर रस्ता उजवीकडे वळला आणि आम्ही वळलो नाही. अगदी सावकाश, कोणी ढकलल्यासारखे, सरळ कडेकडे जात राहिलो. लेक ओरडली, "अप्पा! अप्पा, कडा आहे!" यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. ब्रेक लागलेला असतानाच हातभर घसरली. मग माझ्याखालचं पुढचं चाक मऊ काहीतरीत बसलं, गाडी डावीकडे कलंडली, पोटाखाली बर्फ दाबला गेल्याचा करकर आवाज झाला आणि आम्ही थांबलो. माझ्या काचेतून खाली देवदारांचे शेंडे दिसत होते. शेंडे. वरून.

"उजव्या बाजूने उतरा. हळू. आधी तू," हे लेकीला म्हणाले. ती उतरली. मग हे उतरले आणि गिअरच्या दांड्यावरून सरकत मी. मी तिथेच बर्फात बसले.

थोड्या वेळाने मी मान वर केली. रस्त्याच्या कडेला सुरक्षेचे दगड लावलेले होते, ओळीने. बर्फात बुडालेले, पण प्रत्येकाचा माथा फुगलेला आणि त्याच्या शेजारी करडी सावली. रस्ता कुठे संपतो ते त्या ओळीवरून कळत होतं. आमचं चाक दोन दगडांच्या मधल्या फटीत शिरलं होतं. मी ते सगळं बघत होते आणि हे त्या दगडांपासून चार पावलांवर उभे राहून लेकीला विचारत होते, "इथे दगड असतील ना गं? कुठे आहेत?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "अप्पा, ते काय समोर."

हे वाकले, हात पुढे करून चाचपडले. हाताला दगड लागला तेव्हा तसेच थांबले.

"चमकतंय सगळं. मलाही नीट दिसत नाहीये," मी म्हणाले. खोटं होतं ते. मला सांभाळून घ्यायचं होतं, यांना की स्वतःला कोण जाणे.

"तसं नाही," हे म्हणाले. माझ्याकडे पाठ होती. "डाव्या डोळ्याने मला जवळजवळ दिसत नाही. काचबिंदू आहे. उजव्यातही सुरू झालाय. पांढऱ्यावर पांढरं असलं की काहीच कळत नाही."

"कधीपासून?"

"कळून दहा महिने झाले."

मी हिशेब केला. गाडी येऊन आठ महिने झाले होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. यांनी चार चाकांच्या ताकदीसाठी गाडी घेतलीच नव्हती. जी बाजू स्वतःला दिसत नव्हती ती बघणारी गाडी हवी होती. रोज कारखान्यात, जेवणाच्या डब्याबरोबर बॅगेत ठेवलेले थेंब हे डोळ्यांत घालत होते, असं मला नंतर कळलं. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. आणि आम्ही दोघी यांच्या डाव्या बाजूला आणि पाठीमागे बसून अडीच हजार किलोमीटर आलो होतो.

"तू वेडा आहेस का?" मी ओरडले. बावीस वर्षांत मी यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आमच्या घरात कोणी करत नाही. "ती मागे बसली होती! तुझी मुलगी मागे बसली होती!"

हे उभे राहिले. लेक रडायला लागली. त्या तेवढ्या बर्फात माझा आवाज कुठे आपटून परतही आला नाही, नुसता शोषला गेला. हे म्हणाले, "आधी गाडी काढू. मग बोल काय बोलायचं ते."

काढायला दीड तास लागला. लेकीने आणि मी आळीपाळीने फावडं चालवलं, यांनी आडवं पडून हातांनी पोटाखालचा बर्फ ओढला. हातमोजे भिजून लाकडासारखे झाले. चाकांखाली गाडीतल्या पायपुसण्या घातल्या. मग हे म्हणाले, "तू बस." मी नाही म्हणाले. हे म्हणाले, "मला मागचा रस्ता दिसत नाही. तुला दिसतो." एवढं सरळ वाक्य यांनी मला त्या दहा महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं.

मी उजव्या दाराने आत गेले. सीट पुढे ओढली. कलंडलेल्या गाडीत बसलं की आपणच खाली ओघळतोय असं वाटतं. हे बाहेर, दाराच्या काचेपाशी उभे राहिले आणि सांगायला लागले. आवाज अगदी कारखान्यातला, शांत.

"ट्रॅक्शनचं बटण दाबून धर, बंद होऊ दे. हां. रिव्हर्स टाक. चाक सरळ. आता पायाला फक्त वजन दे, दाबू नकोस. स्वल्प. अजून स्वल्प. सोड. पुढे येऊ दे तिला, तीच येईल. परत."

गाडी झुलायला लागली, वीतभर मागे, वीतभर पुढे. प्रत्येक वेळी ती पुढे आली की मी स्टिअरिंगला धरून मागे रेलायची, कारण पुढे दरी होती. सातव्या-आठव्या खेपेला मागच्या चाकांनी काहीतरी पकडलं. "आता सोडू नकोस," हे म्हणाले, आणि गाडी गुरगुरत, पायपुसण्या पुढे फेकत, रस्त्यावर आली. मी इंजिन चालू ठेवून तशीच बसून राहिले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

अजून आठ किलोमीटर उरले होते. वळणं मला दिसत होती, पण रस्ता किती रुंद, नाली कुठे, हे मला तरी काय माहीत? तेवढ्यात वरून एक बाई उतरत आली. माझ्याच वयाची असेल. पाठीवर वाळक्या गवताचा भारा, पायांत गमबूट. तिने गाडीकडे पाहिलं, दगडांमधल्या खड्ड्याकडे पाहिलं आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली.

"कहाँ से?"

"बंगलोर," लेक म्हणाली.

"वहाँ बर्फ नहीं होती?"

"नहीं."

"तो फिर." एवढंच बोलून ती गाडीपुढे जाऊन उभी राहिली. "मेरे पीछे आओ. जहाँ मैं चलूँ, वहीं पहिया रखना."

मी म्हणाले, भारा तरी गाडीत ठेवा. ती म्हणाली, भाऱ्यानेच पाय नीट पडतात. आणि ती चालायला लागली. मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागे. समोर काचेत तो गवताचा भारा डुलतोय, त्याखाली दोन काळे बूट, आणि तिची पावलं. नाली जवळ आली की ती न वळता डावा हात बाहेर काढायची. कुठे बर्फाखाली पाणी गोठलेलं असेल तिथे थांबून टाचेने दोनदा ठोकायची आणि हात खाली दाबून दाखवायची, सावकाश. अंग ताठ करून मी तिच्या पाठीला डोळे लावून बसले होते. शेजारी हे बसले होते, डाव्या सीटवर, दरीच्या बाजूला, जिथे सकाळी मी होते. तीन किलोमीटरवर तिची वाट फुटली. तिथून खालचा रस्ता मशीनने साफ केलेला होता. मी काच खाली केली. तीच म्हणाली, "गाडी अच्छी है. चलाने वाला देख के चले तो." तिने ते माझ्याकडे बघून म्हटलं होतं. पण शेजारी हे मान खाली घालून बसले.

चहाच्या टपरीवर फावडं ठेवलं. चहा घेतला. हे उठले आणि सवयीने उजव्या दाराकडे गेले. "आता रस्ता काळा दिसतोय. इथून मी घेतो. हमरस्त्याला मला काही त्रास होत नाही."

"किल्ली माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

"हमरस्त्यावर तू तासभरच चालवलंयस."

"शिकेन."

"अप्पा, बसा ना मागे," लेक म्हणाली. ती इतक्या हळू म्हणाली की हे मागे जाऊन बसले.

परतायला सहा दिवस लागले. लेकीने आणि मी वाटून घेतलं. परीक्षा बुडाली. ट्रक ओव्हरटेक करण्याआधी मी आरशात तीन-तीनदा बघायची. कधी कधी आरशात दिसायचं की हे मागे डावा डोळा झाकून उजव्याने बाहेर बघताहेत, मग उजवा झाकून डाव्याने. स्वतःला तपासत. एकदा नागपूरच्या अलीकडे मी विचारलं, "मला सांगितलं का नाही?" यांनी डोळ्यावरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "तू लगेच किल्ली काढून घेतली असतीस." घेतलीच असती.

बंगळुरात आल्यावर मी यांच्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. एका गोल भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, आत कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी होते. डाव्या डोळ्याच्या वेळी बटणाचा आवाज अगदी क्वचित येत होता. एवढा वेळ काही न वाजता गेला की मला वाटलं यंत्र बिघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही, राहिलेलं राखायचं. थेंब नियमित. गाडी नाही. हे "सरी", म्हणजे बरं, म्हणाले, दुकानात म्हणतो तसं.

त्यानंतरही हे एकदा गाडी घेऊन गेले. मार्चमधली सकाळ होती, मी आंघोळीला गेले होते. अर्ध्या तासात परत आले, गाडीला ओरखडाही नव्हता. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, "असंच. गल्लीतून एक चक्कर." मी भांडले नाही. दोन्ही किल्ल्या शाळेच्या पर्सबरोबर न्यायला लागले. यांना ते कळलं आहे, मला कळलं आहे की यांना कळलं आहे, आणि आम्ही दोघं त्यावर बोलत नाही. आता हे मेट्रोने जातात. जिन्यावर कठडा धरतात. ती भलीमोठी गाडी मी शाळेत नेते आणि मुलींच्या पालकांना वाटतं बाईंची हौस.

राग गेला का? गेला, असं मी लोकांना सांगते. पण यांना "दिसतंय ना?" विचारलं आणि हे "दिसतंय" म्हणाले, की मी दुसऱ्यांदा विचारते. पूर्वी यांच्या शब्दावर मी झोपायची.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला? मग आठवलं, माझे सासरे शेवटची वर्षं भिंतीला हात लावत चालायचे. सगळे म्हातारपण म्हणायचे. हा आजार रक्तातून येऊ शकतो, मुलीला दरवर्षी दाखवा, बाई म्हणाल्या. गेल्या आठवड्यात लेक कॉलेजातून परस्पर तपासणीला गेली होती. मी फाटकापाशी उभी होते. ती रिक्षातून उतरली आणि लांबूनच म्हणाली, "आई, नॉर्मल आहे. डोळ्यांचं प्रेशर ठीक आहे म्हणाल्या."

"कागद दाखव," मी म्हणाले.

तिचा चेहरा जरासा पडला. मला तो दिसला. तरी मी हात पुढे केला आणि रस्त्यावरच उभं राहून, दोन्ही डोळ्यांचे आकडे एकेक करून वाचले.